मागच्या सीटपर्यंत

टायर

सकाळी सव्वासहाला आर्डिस ब्रेके लाकडी दांडकं घेऊन खाली उतरायची आणि मोटरहोमच्या सहाही टायरांवर एकेक दणका द्यायची. आवाज टणक आला तर हवा आहे. पोकळ आला तर नाही. हवा मोजायची दोन यंत्रं डेल्मरने तिला दोन वाढदिवसांना दिली होती. दोन्ही खणात होती, खोक्यासकट.

"काय गं, पळाला का रात्रीत एखादा?" डेल्मर आतल्या शेगडीपाशी कॉफी करता करता खिडकीतून विचारायचा.

"सत्तेचाळीस वर्षांत तू पळाला नाहीस, टायर काय पळतोय."

दणके देऊन झाले की ती दाराआत लटकणाऱ्या पाटीला चिमट्याने लावलेला कागद भरायची. मिनेसोटातल्या आपल्या गावात अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवताना रोज भरायची तोच कागद. नोकरी सोडताना त्याच्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा तिने घरी आणला होता. टायर, आरसे, वायपर, दार, पट्टे, हॉर्न, प्रवासी, मागची सीट. खाली सही.

डेल्मरने आयुष्यभर गोठ्यागोठ्यांत जाऊन दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली होती. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी, पिवळसर पांढरी, बत्तीस फुटी मोटरहोम घेतली आणि तिला 'लोण्याचा डबा' असं नाव ठेवलं. मिसिसिपी जिथून निघते तिथून ती समुद्राला मिळते तिथपर्यंत, नदीकाठच्या रस्त्याने जायचं. मोठा हायवे धरायचा नाही. रोज रात्री एका लहान गावात मुक्काम. उगमापाशी नदी इतकी अरुंद आहे की दगडांवर पाय देत पलीकडे जाता येतं. आर्डिस गेली. डेल्मर पाण्यात बसला.

तो जुलैचा पहिला दिवस होता. आता पंधरावा उजाडला होता, आणि डबा आयोवाच्या काठाला होता.

आरसे

बस चालवणाऱ्या बाईला गाव पुढच्या काचेतून कमी आणि आरशातून जास्त दिसतं. पंधरा दिवसांत आर्डिसच्या आरशात काय काय आलं आणि गेलं:

लिटल सोरेल. वस्ती एकशे बारा. पोस्ट आणि बार एकाच छपराखाली, मधल्या भिंतीला खिडकी. डेल्मर पत्र टाकायला गेला, दोन बिअर पिऊन आला. पत्र खिशातच.

हॉकिन्स बेंड. इथे पूर्वी नदीतल्या शिंपल्यांची बटणं कापत. अजूनही कोणी टोमॅटो लावायला जमीन खणली की गोल भोकं पडलेले शिंपले निघतात. एका म्हाताऱ्याने आर्डिसच्या हातात एक शिंपला ठेवला आणि म्हणाला, "सगळ्या देशाच्या सदऱ्यांची बटणं आम्ही पुरवलीत, बाई."

टू चिमनीज. चिमणी एकच. दुसरी पुरात पडली. गावाचं नाव बदलायचा ठराव दरवर्षी मांडतात आणि दरवर्षी पाडतात.

पुढे एक गाव, तिथल्यासारखी कॅटफिश दुसरीकडे कुठेही तळत नाहीत. त्याच्या पुढचं गाव, तिथेही तेच.

प्रत्येक गावाला कशाचा ना कशाचा अभिमान होता, आणि तो सांगायला कोणी लाजत नव्हतं. पेट्रोल भरणारी पोरगीसुद्धा सांगायची की आमच्या पाण्याच्या टाकीइतकी उंच टाकी या काठावर नाही. आर्डिस ऐकून घ्यायची, मान डोलवायची. मग एखादा विचारायचा, "तुम्ही काय करायचात हो बाई?" आणि ती म्हणायची, "काही विशेष नाही." डेल्मर तेवढ्यापुरता खोकायचा.

वायपर

ठीक.

दार

नदीकाठच्या रस्त्याला रेल्वेचे रूळ सोडत नाहीत. कधी डावीकडून येतात, कधी उजवीकडून, आणि मनात आलं की मधूनच रस्ता ओलांडतात. प्रत्येक ओलांडणीला आर्डिस थांबायची. फाटक असो नसो, दिवा असो नसो. रुळांच्या अलीकडे पंधरा पावलांवर डबा उभा, चारी दिवे लुकलुकत, खिडकी खाली, दार उघडं. मग ती ऐकायची. इकडे बघायची, तिकडे बघायची. मगच दार बंद आणि गाडी पुढे.

शाळेच्या बसला हा कायदा आहे. मोटरहोमला नाही.

"बाईसाहेब, आपल्या गाडीत पोरं नाहीत," डेल्मर पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"रुळांना काय माहीत?"

 दाराचं हँडल तिच्या सीटपासून लांब होतं, ती प्रत्येक वेळी पट्टा सोडून उठत होती. दुसऱ्या दिवशी त्याने एका दूध यंत्राची जुनी सळई वाकवून असा दांडा बसवला की आर्डिसने बसल्या जागी ओढला की दार उघडावं. अगदी शाळेच्या बसला असतो तसा. बसवून झाल्यावर म्हणाला, "आता वेडेपणा निदान बसून तरी कर."

प्रवासी

ही ओळ ती रोज भरायची. रोज तिथे शून्य घालायची.

"आणि मी?" डेल्मर विचारायचा.

"तू सामान."

हसण्यावारी जायचं. पण डब्यात खरोखर तिसरं माणूस कधी बसलं नव्हतं. तीन नातवंडं होती. डबा अंगणात उभा असला की तिन्ही त्यात उड्या मारायची, आर्डिसने किल्ली हातात घेतली की तिन्हींना खाली उतरावं लागायचं. त्यांची आई, म्हणजे आर्डिसची पोरगी, रागावली, रुसली, शेवटी तिने विचारायचं सोडून दिलं.

आठ वर्षांपूर्वीचा जानेवारी. उणे वीस. शेवटची फेरी संपवून आर्डिसने बस डेपोत लावली, इंजिन बंद केलं, आणि तिचा फोन वाजला. दातांच्या डॉक्टरकडून होता, गुरुवारची वेळ शुक्रवारी चालेल का म्हणून. बोलत बोलत ती खाली उतरली. अठ्ठावीस वर्षं ती इंजिन बंद केल्यावर मागच्या सीटपर्यंत चालत जायची, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची. त्या दिवशी गेली नाही. मागून दुसऱ्या बाकावर मेरिट ल्युंड नावाची पाच वर्षांची मुलगी झोपलेली होती.

चाळीस मिनिटांनी मेरिट स्वतःच उठली, आपत्कालीन दार उघडून उतरली आणि बर्फातून चालत मेकॅनिकांच्या शेडमध्ये गेली. तिला काही झालं नाही. त्यांनी तिला गरम कोको दिला. तिने दोन कप मागितले. तिच्या आईने पुढच्या रविवारी चर्चमध्ये आर्डिसला मिठी मारली. शाळेने फक्त एक पत्र दिलं. गावाने वर्षभरात विषय सोडला.

आर्डिसने त्याच संध्याकाळी बसच्या किल्ल्या शाळेच्या ऑफिसात टेबलावर ठेवल्या होत्या. त्यानंतर तिने माणूस नेलं नाही.

मागच्या सीटपर्यंत मात्र ती अजून जायची. डब्यात मागे एक पलंग होता आणि सरकतं दार. रोज इंजिन बंद केलं की ती तिथपर्यंत जाऊन दार सरकवायची, आपलीच गोधडी बघायची आणि परत यायची.

यादीत नसलेली ओळ

पंधराव्या दिवशी सकाळी साडेनऊला, सेंट ओडिल नावाच्या गावात नदीकाठच्या मुक्कामाच्या जागेवर, आर्डिस टाकीत पाणी भरत होती. समोर फेरीबोटीच्या धक्क्यावर पाटी लटकत होती: पाणी चढलंय, फेरी बंद. त्या पाटीसमोर एक पांढरी व्हॅन येऊन दोनदा खोकली आणि गप्प झाली. तिच्यातून काळे कपडे आणि टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या एकामागून एक उतरल्या. सात.

"मी सांगितलं होतं, बर्निस, पाटी वाचून मग वळ!" एकीने सुरुवात केली.

"पाटीने गाडी बंद पडत नाही, लुएला."

"तुझ्या हातात पडते."

डेल्मर तोवर त्यांच्या व्हॅनच्या इंजिनात डोकं घालून उभा होता. अशा ठिकाणी तो कसा पोहोचतो ते आर्डिसला कधीच कळलं नाही. डोकं बाहेर काढून त्याने निकाल दिला: "पेट्रोलचा पंप गेला. आज नाही चालायची."

बर्निस म्हणजे व्हॅन चालवणारी, खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद. तिने घड्याळ पाहिलं, गाव पाहिलं. गाव रिकामं होतं. जिल्ह्याच्या जत्रेचा पहिला दिवस होता, चाकं असलेली प्रत्येक वस्तू तिकडे गेली होती. मग तिची नजर लोण्याच्या डब्यावर आली.

"ओ बाई, ही चालते, की नुसती शोभेची?"

"चालते म्हणजे!" डेल्मर म्हणाला. "उगमापासून आलीय."

आर्डिसने पाण्याचा नळ बंद केला आणि आत गेली. डेल्मर मागोमाग आला.

"त्यांना पलीकडे पुरायला जायचंय. म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या मैत्रिणीला. अकराला. पूल सोळा मैल खाली आहे."

"तू ने."

"माझा डोळा." डोळ्याच्या ऑपरेशनमुळे डॉक्टरांनी त्याला सप्टेंबरपर्यंत स्टीअरिंगला हात लावू नको म्हणून बजावलं होतं.

"मग त्यांना नाही म्हणून सांग. मी माणसं नेत नाही. तुला माहितेय."

"आठ वर्षं माहितेय." तो दारात उभा होता, हात ग्रीसने माखलेले, कुठे टेकवावेत ते न समजून हवेत धरलेले. "एवढी वर्षं मी गप्प बसलो ना? एकदा तरी बोललो? आज बोलतो. नाही म्हणायचं असेल तर तू म्हण. गाडी तुझी आहे."

ती बाहेर आली. नाही म्हणायला.

बर्निसने तिला तोंडच उघडू दिलं नाही. "हे बघा, आम्ही गावच्या चर्चमध्ये गातो. वीस जणी होतो. चाळीस वर्षांपूर्वी शब्द दिलाय एकमेकींना, जी जाईल तिच्यासाठी उरलेल्या गातील. बारा गेल्या. बाराही जणींसाठी गायलो. बर्फात गायलो, पुरात नावेत बसून गेलो. फ्रीडा पोरीकडे राहायला म्हणून पलीकडे गेली आणि तिकडेच मेली, आता तिला काय म्हणू?"

"फादरना थांबायला सांगा ना थोडं."

"फ्रीडा थांबेल. फादर नाही थांबायचे, त्यांना दीड वाजता चाळीस मैलांवर लग्न लावायचंय."

"ते जोडपंही नको थांबायला," लुएला म्हणाली. "पोट दिसायला लागलंय."

या सगळ्यात एक अगदी लहानखुरी, वाकलेली बाई डब्याच्या पायरीपाशी येऊन पोहोचली होती. ती क्लोटिल्डा, वय त्र्याण्णव. तिचं बर्निसकडे लक्ष नव्हतं. ती दाराआत लटकणारा कागद वाचत होती, चश्मा वर करून.

"हा कशाचा?"

"बसचा," आर्डिस म्हणाली. "शाळेच्या."

"बस चालवायचात?"

"हो."

"मग झालं तर," क्लोटिल्डा म्हणाली आणि तिने पायरीवर पाय ठेवला.

पायरी उंच होती. आर्डिसचा हात तिच्या कोपराखाली गेला, कोणी न सांगता. दुसऱ्या हाताचं बोट आपोआप उचललं गेलं.

एक.

पट्टे

पुढे दोन, जेवणाच्या टेबलाशी चार, सोफ्यावर दोन. आठ पट्टे. सात बायका आणि आर्डिस, आठ माणसं.

"मी उभा राहतो की," डेल्मर म्हणाला. "मागे पलंगावर बसतो."

"माझ्या गाडीत पट्ट्याशिवाय कोणी बसत नाही."

"अगं, पस्तीस मैल!"

"सामान उतरवा," आर्डिस म्हणाली.

धक्क्यावर बंद व्हॅनशेजारी उभा राहून डेल्मरने हात हलवला. आरशात तो लहान होत गेला. इतका हसणारा माणूस बऱ्याच दिवसांत तिच्या आरशात आला नव्हता.

तिने प्रत्येक पट्टा ओढून पाहिला होता. बर्निसचाही, बर्निस नको म्हणत असताना.

दार

पहिले रूळ गावाबाहेरच होते. डबा थांबला. दिवे लुकलुकायला लागले. आर्डिसने दांडा ओढला आणि दार उघडलं.

मागे सात तोंडं एकदम चालू होती. फ्रीडाच्या पोरीने हॅम सँडविच केले असतील की नुसतं ते जेलीचं सॅलड, यावर दोन तट पडले होते.

"रूळ," आर्डिस म्हणाली.

"काय झालं, पंक्चर?"

"रूळ आले की गप्प बसायचं. मला ऐकायचंय."

"किती वेळ?"

"तुम्ही गप्प बसेपर्यंत."

बर्निसने घड्याळ पुढे केलं. "बाई, दहाला पाच कमी आहेत. गाडी दिसत नाहीये. लांबलांबवर दिसत नाहीये."

आर्डिस पुढे बघत बसली. हात स्टीअरिंगवर, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी. दुसरी-तिसरीतल्या पोरांना तिने याहून मोठमोठ्या भांडणांत गप्प बसवलं होतं. तिथे ओरडायचं नसतं, फक्त हलायचं नसतं.

"आपल्याला ओलीस धरलंय," लुएला कुजबुजली. कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक करून आवाज विझले. वाळलेल्या गवतातले किडे ऐकू आले. आर्डिसने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दार लावलं आणि निघाली.

दुसऱ्या रुळांवर त्यांनी कुरकुर केली. तिसऱ्या रुळांवर लुएलाने वर्गातल्या पोरीसारखा हात वर करून लघवीला जायची परवानगी मागितली.

हॉर्न

तिसऱ्या रुळांवरच मागे एक लाल पिकअप होता. त्याने हॉर्न धरला तो सोडेना.

लुएलाने खिडकी उघडून टोपीसकट डोकं बाहेर काढलं. "ए बाबा! घाई असेल तर वरून जा!"

"आजी, गाडी बंद पडलीय का?"

"गाडी नाही, ट्रेन ऐकतोय आम्ही! तुझ्या भोंग्यापायी ऐकू येत नाहीये!"

हॉर्न थांबला. लुएलाने खिडकी लावली आणि टोपी सारखी केली. "कसा गप्प बसला," ती म्हणाली, आणि आर्डिसला आरशात तिचा चेहरा दिसला. त्यावर जो भाव होता तो तिला ओळखीचा होता. पुढच्या बाकावर बसणाऱ्या, ड्रायव्हरच्या बाजूने झालेल्या पोराचा.

इंजिन बंद

पूल ओलांडून पलीकडच्या काठाने मागे वर येऊन, आणखी दोन वेळा दार उघडून, अकराला अठरा मिनिटं असताना डबा चर्चच्या आवारात उभा राहिला.

गाण्याचे निळे झगे आतच घालायचे ठरलं, कारण बाहेर शोकाला आलेले लोक उभे होते. बत्तीस फुटांत सात बायका झगे घालू लागल्या. कोपरं, टोप्या, टाचण्या. "हा माझा नाही, हा हिचा!" "पोट आत घे!" "कोणाचं?" मग एकजण उतरली, चश्म्यासाठी परत चढली, दुसरी उतरली, गाण्याची वही घ्यायला परत आली. आर्डिस पायरीशी उभी राहून कोपर धरत होती आणि मोजत होती, पण आता सगळ्या सारख्याच निळ्या होत्या. चार, पाच... ही आधी मोजलेली का? पाच.

"झालं! चला, चला!" बर्निसने कळप हाकावा तसे हात पसरले. "सगळ्या आल्या." निळा घोळका चर्चच्या बाजूच्या जिन्याकडे पळाला.

आर्डिस आत गेली. चढ चढून तापलेलं इंजिन थंड व्हावं म्हणून चालू ठेवलं होतं. तिने किल्ली फिरवली. शांत झालं.

फोन वाजला.

तो टेबलावर थरथरत होता. डेल्मर. खाली उतरायचं दार उघडंच होतं. दोन पावलांवर. चर्चची घंटा व्हायला लागली होती, आणि बर्निसने सांगितलं होतं, सगळ्या आल्या.

तिचा हात फोनकडे गेला होता, हे तिने नंतर डेल्मरला सांगितलं. लपवलं नाही. फोनपर्यंत गेला होता.

मागची सीट

मग ती वळली आणि मागे चालत गेली. शेगडीजवळून. टेबलाच्या बाकांखाली वाकून. सोफ्याखाली. न्हाणीचं दार उघडून. फोन वाजून वाजून थांबला. शेवटचं सरकतं दार लावलेलं होतं. सकाळी तिने ते उघडं ठेवलं होतं.

तिने ते सरकवलं.

पलंगावर, एरवी डेल्मर झोपतो त्या बाजूला, क्लोटिल्डा झोपली होती. बूट काढून जोडीने खाली ठेवलेले. झग्याची एक बाही हातात चढलेली, दुसरी पोटावर पसरलेली. पुढे गर्दी म्हणून ती मागे झगा घालायला आली असणार, एका बाहीनंतर जरा टेकली असणार. सकाळी चारला उठली होती.

 आर्डिस पलंगाच्या कडेला बसली. भीतीने नाही. भीती असती तर तिला ओळखता आली असती.

"क्लोटिल्डाबाई."

"हूं."

"पोचलो आपण."

म्हातारीने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सुरू केलं त्यांनी?"

"नाही अजून."

"करणारच नाहीत. सूर मी देते." तिने मोकळा हात पुढे केला. "ती बाही चढव. आणि बूट."

(झग्याची बाही)

चर्चमध्ये सगळे उभे होते. वर माडीवर पाच निळे झगे, आणि त्यांच्यापुढे बर्निस हात वर करून. हात तसाच होता. फादर घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होते. बर्निसची नजर जिन्याकडे, मग स्वच्छतागृहाकडे, मग पुन्हा आपल्या ओळीकडे, आणि ती ओठांनी मोजत होती हे आर्डिसला खालूनही दिसलं.

जिना चढायला आता वेळ नव्हता. आर्डिस क्लोटिल्डाला घेऊन मधल्या वाटेने निघाली. जीन्समध्ये, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक पावलाला खळखळ. अर्ध्या वाटेवर, शवपेटीच्या अलीकडे, क्लोटिल्डा थांबली. तिने मान वर केली नाही, कोणाकडे बघितलं नाही. नदीवर धुक्यात नावेचा भोंगा लांबून ऐकू येतो तसा एक सूर तिच्या बारीक छातीतून निघाला आणि थरथरत न थांबता वर माडीपर्यंत गेला.

बर्निसचा हात खाली आला. वरच्या सहाजणींनी तो सूर उचलला.

आर्डिस गाणं संपेपर्यंत तिचं कोपर धरून तिथेच उभी राहिली. मान ताठ ठेवून.

प्रवासी

जेवण तळघरात होतं. हॅम सँडविच होते, आणि जेलीचं सॅलडही होतं, त्यामुळे दोन्ही तट आपण जिंकलो असं म्हणत होते. बर्निस प्लेट घेऊन आर्डिसपाशी आली. 

"मी म्हणाले होते, सगळ्या आल्या."

"हो."

"तुम्ही ऐकलं नाहीत."

"मी कधीच ऐकत नाही," आर्डिस म्हणाली. मग तिने प्लेट खाली ठेवली. "एकदा ऐकलं होतं. म्हणजे बघितलंच नव्हतं. पाच वर्षांची होती."

 बर्निसने आपल्या प्लेटमधला रूबार्ब पाईचा तुकडा आर्डिसच्या प्लेटमध्ये सरकवला, आणि ती हलली नाही. शेजारी उभी राहून खात राहिली.

फ्रीडाचा जावई हात मिळवत येत होता. "तुम्ही आईच्या कोण?"

"मी ड्रायव्हर," आर्डिस म्हणाली.

तिचा आवाज जरा मोठाच आला. दोन-तीन डोकी वळली. तिने तो लहान केला नाही.

तिने मग डेल्मरला फोन लावला. "मघाशी कशाला केला होतास?"

"बेकरीत एकच पाई उरली होती. तुझ्यासाठी ठेवायला सांगू का म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"का? काय झालं?"

"आल्यावर सांगते," ती म्हणाली. "आणि ऐक. पोरीला सांग, ऑगस्टच्या शेवटी आपण कुठल्या गावात असू ते. तिन्ही आली तर पट्टे पुरतील."

"थांब, पेन शोधतो," डेल्मर म्हणाला.

दार

परतताना आर्डिसने चढताना सात मोजल्या आणि कागदावर 'प्रवासी' पुढे सात लिहिले. आकडा जरा वाकडा आला, कारण क्लोटिल्डा पायरीवर उभी राहून विचारत होती की आता पुढे बसू का. आता ती डेल्मरच्या जागेवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

मागे सगळ्याजणी एकदम बोलत होत्या. फादरनी दोनदा नाव चुकवलं. जावई रडला, पोरगी नाही रडली. आता आपण सात, पुढच्या वेळी सूर कोण देणार, क्लोटी गेली तर. "मी कुठे जातेय," क्लोटिल्डा समोर बघत म्हणाली. लुएला कोणाला तरी पिकअपवाल्याची गोष्ट सांगत होती, त्यात पिकअपवाला आता तीन पटींनी घाबरला होता.

पुलाच्या या बाजूला, मक्याच्या शेताला वळसा घालून, रूळ आले.

आर्डिसने वेग कमी केला. पंधरा पावलांवर डबा थांबला. दिवे लुकलुकायला लागले. 'रूळ' म्हणायला तिने तोंड उघडलं.

मागे शांतता होती.

तिने आरशात पाहिलं. लुएला अर्ध्या वाक्यात थांबली होती, हात अजून पिकअपवाल्याच्या भोंग्यावर. बर्निसने एकीच्या गुडघ्यावर बोट ठेवून तिला गप्प केलं होतं. सहाजणी ताठ बसल्या होत्या, पट्टे लावलेले, माना एका बाजूला किंचित कललेल्या. ऐकत होत्या. शेजारी क्लोटिल्डाने दांड्याकडे बोट केलं, विसरू नकोस म्हणून.

आर्डिसने दांडा ओढला. दार उघडलं. मक्याच्या पानांची सळसळ आत आली, मागोमाग नदीचा वास.

ट्रेन नव्हती. अठ्ठावीस वर्षांत बहुतेक वेळा नव्हतीच. आर्डिस सगळ्या जगाला वेळ असल्यासारखी ऐकत राहिली, कायद्यात लिहिलंय त्याहून थोडं जास्त.